मायक्रोसॉफ्टची मुक्तस्रोत वेब-साधने कामात आणताना

वेबचे काम करणाऱ्या एखाद्या लहान गटाच्या संगणकांवर आज नजर टाकली, तर कोड लिहिण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड, भाषा म्हणून टाइपस्क्रिप्ट आणि ब्राउझरमधील चाचण्यांसाठी प्लेराइट ही साधने बऱ्याच ठिकाणी आढळतात. तिन्ही मायक्रोसॉफ्टने तयार केलेली आहेत आणि तिन्हींचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मुक्तस्रोत परवान्याखाली, म्हणजे वाचण्यास, बदलण्यास व पुढे देण्यास, सर्वांना खुला आहे. ज्या गिटहबवर आपण आपला कोड ठेवतो आणि एनपीएम या जावास्क्रिप्टच्या ज्या भांडारातून बाकीची पॅकेजेस (तयार कोडचे संच) उतरवून घेतो, त्या दोन्ही सेवांची मालकीही आता याच कंपनीकडे आहे. ही साधने उत्तम आहेत आणि ती अवश्य वापरावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ‘मुक्तस्रोत आहे’ एवढ्या एका शब्दावर विसंबून ती घेऊ नयेत. सोर्स कोड मुक्त असणे, आपण डाउनलोड केलेला प्रोग्राम मुक्त असणे, त्याला जोडलेली सेवा मुक्त असणे आणि पुढच्या निर्णयांत बाहेरच्यांना वाव असणे या चार निराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. ती कशी करावी आणि साधने कोणत्या क्रमाने कामात आणावीत, याची माहिती येथे दिली आहे.

२००८ सालचा नमुना

चौकशी करायची तर ताडून पाहण्यासाठी एक चांगला नमुना हाताशी असावा लागतो, आणि तो याच कंपनीच्या इतिहासात आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीच्या वतीने २८ सप्टेंबर २००८ रोजी स्कॉट गथ्री यांनी जाहीर केले की, जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) यापुढे व्हिज्युअल स्टुडिओसोबत दिली जाईल आणि कंपनीच्या ग्राहकांना तिच्यासाठी अधिकृत मदतही मिळेल. तोवर कंपनीची रीत अशी होती की बाहेर एखादे साधन लोकप्रिय झाले की त्याच कामाचे स्वतःचे साधन काढायचे. त्यामुळे वेब-डेव्हलपरांना या घोषणेचे मोठे नवल वाटले होते.

त्या घोषणेतील तपशील मात्र नवलापेक्षा महत्त्वाचे आहेत. जेक्वेरी आहे तशीच दिली जाणार होती. तिचा एमआयटी परवाना कायम राहणार होता. कंपनी तिचा स्वतःचा वेगळा फोर्क (स्वतंत्र फाटा) काढणार नव्हती, आणि कंपनीच्या अभियंत्यांना एखादी दुरुस्ती सुचवायची असेल तर ती इतर कोणत्याही योगदात्याप्रमाणे जेक्वेरीच्या गटाकडे पाठवून त्यांच्या तपासणीतूनच जाणार होती. संपादकात (कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये) सूचना दिसण्यासाठी लागणारी माहितीसुद्धा मूळ लायब्ररीला धक्का न लावता शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये दिली गेली. पुढे २०१० मध्ये कंपनीने टेम्प्लेट्स, डेटा लिंक आणि ग्लोबलायझेशन ही तीन प्लगइन्स जेक्वेरीला दिली व ती अधिकृत म्हणून स्वीकारलीही गेली. परंतु त्यांपैकी टेम्प्लेट्सचे प्लगइन बीटा अवस्थेपलीकडे गेले नाही आणि जेक्वेरीच्या बाजूने ते बाजूला ठेवण्यात आले. एवढ्या मोठ्या कंपनीचे योगदान एक लहान प्रकल्प बाजूला ठेवू शकला, ही मला या साऱ्या हकिकतीतील सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते. एखादा प्रकल्प खरोखर खुला आहे की नाही, हे पाहताना त्यात कंपनीला ‘नाही’ म्हणू शकणारे कोणी आहे का, हा प्रश्न नेहमी विचारावा.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात असा: मार्च २०१२ मध्ये एएसपी डॉट नेट एमव्हीसी ही संकेतस्थळे बांधण्याची कंपनीची चौकट अपाचे परवान्याखाली बाहेरच्यांच्या योगदानासाठी खुली झाली, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला टाइपस्क्रिप्ट प्रसिद्ध झाली, नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉट नेट कोअर (प्रोग्राम बांधण्याची व चालवण्याची कंपनीची व्यवस्था) आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड यांचा सोर्स कोड खुला झाला, २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलरच्या व्यवहारातून गिटहब कंपनीकडे आले आणि २०२० मध्ये गिटहबमार्फत एनपीएमही आले. यातील सुरुवातीच्या घटना कोड खुला करण्याच्या आहेत, तर शेवटच्या दोन सेवा विकत घेण्याच्या आहेत. हा फरक पुढे वारंवार लागेल.

परवाना कुठे पाहावा आणि त्यात काय वाचावे

साधनाच्या रेपॉझिटरीत (त्याचा कोड ठेवलेल्या जागेत) अगदी वरच्या पातळीवर ‘लायसन्स’ नावाची फाइल असते. ती उघडून स्वतः वाचावी. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या रेपॉझिटरीत एमआयटी परवाना आहे, तर टाइपस्क्रिप्ट आणि प्लेराइट यांना अपाचे २.० परवाना आहे. एमआयटी परवाना काही परिच्छेदांचाच असून, कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा, एवढीच त्याची मुख्य अट आहे. अपाचेचा परवाना लांब आहे. त्यात पेटंटचा वापर करण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत दिलेली आहे, जी एमआयटीच्या मजकुरात वेगळी नमूद केलेली नसते, आणि बदललेल्या फाइलवर बदल केल्याची नोंद ठेवण्याची अट आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ग्राहकाकडून हमखास विचारणा होते. आपण एखादे साधन वापरतो, तेव्हा त्याचा परवाना आपल्या कोडला चिकटत नाही. टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरने रूपांतरित केलेला आपला कोड आपलाच राहतो. मात्र साधनाचा भाग आपण ग्राहकाच्या हाती देत असू, तर परवान्याची अट लागू होते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा गाभा असलेला मोनॅको हा संपादक स्वतंत्र पॅकेज म्हणूनही मिळतो. तो एखाद्या शैक्षणिक संकेतस्थळावर कोड लिहिण्याच्या चौकटीसाठी बसवला, तर त्याच्या परवान्याचा मजकूर त्या संकेतस्थळासोबत गेला पाहिजे. अशा सर्व गोष्टींची एक फाइल प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून ठेवावी. काम सोपवण्याच्या आदल्या दिवशी ती तयार करायला बसलो, तर काहीतरी सुटतेच.

कोड आणि तयार प्रोग्राम यांतील अंतर

हा भाग सर्वांत अधिक दुर्लक्षित राहतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. गिटहबवरील जो कोड एमआयटी परवान्याखाली आहे, त्याचे नाव ‘कोड – ओएसएस’ असे आहे. आपण अधिकृत संकेतस्थळावरून जो प्रोग्राम उतरवून घेतो, तो या कोडपासूनच बांधलेला असतो. पण बांधताना त्यात कंपनीचे नाव व चिन्ह, वापराची माहिती पाठवणारी टेलीमेट्रीची व्यवस्था आणि एक्स्टेंशन्सच्या (संपादकात वरून घालायच्या जोडण्यांच्या) मार्केटप्लेसचा पत्ता या गोष्टी घातल्या जातात आणि तयार प्रोग्राम कंपनीच्या स्वतःच्या, मुक्तस्रोत नसलेल्या परवान्याखाली दिला जातो. कंपनीने हे लपवलेले नाही. रेपॉझिटरीच्या माहितीच्या पानावरच तसे लिहिले आहे. फक्त ते वाचण्याची तसदी आपण घेत नाही.

याचे व्यावहारिक परिणाम दोन आहेत. पहिला टेलीमेट्रीचा. सेटिंग्जमध्ये ‘टेलीमेट्री लेव्हल’ असे शोधल्यास एक पर्याय दिसतो. त्याची किंमत ‘ऑफ’ ठेवल्यास संपादकाकडून जाणारी ही माहिती थांबते. मात्र प्रत्येक एक्स्टेंशनने हा पर्याय पाळलाच असेल, असे गृहीत धरू नये. ज्या एक्स्टेंशन्सची स्वतःची वेगळी व्यवस्था असते, त्यांची सेटिंग्ज वेगळी पाहावी लागतात. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार केलेला असेल, तर हे काम प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच करावे.

दुसरा परिणाम एक्स्टेंशन्सचा आहे आणि तो अधिक खोलवर जातो. मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसच्या अटींनुसार तेथील एक्स्टेंशन्स कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनांतच वापरायची असतात. त्याच मुक्त कोडपासून टेलीमेट्री व कंपनीचे चिन्ह वगळून बांधलेला व्हीएसकोडियम हा प्रोग्राम मिळतो, पण तो या मार्केटप्लेसऐवजी एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या खुल्या भांडाराकडून एक्स्टेंशन्स घेतो. शिवाय कंपनीची काही महत्त्वाची एक्स्टेंशन्स, उदाहरणार्थ पायथनसाठीचे पायलान्स किंवा दूरच्या सर्व्हरवर काम करण्यासाठीचे रिमोट एसएसएच, मुक्तस्रोत नाहीत. म्हणजे संपादकाचा कोड शंभर टक्के खुला असूनही, गटाचे रोजचे काम ज्यावर अडते तो भाग बंदिस्त असू शकतो.

म्हणून पुढील पद्धत अवलंबावी. गटातील प्रत्येकाने आपल्या संपादकात बसवलेल्या एक्स्टेंशन्सची यादी काढावी. संपादकाच्या आज्ञेला ‘लिस्ट एक्स्टेंशन्स’ हा पर्याय दिला की ती टर्मिनलवर एका क्षणात मिळते. मग प्रत्येक नावापुढे परवाना कोणता आणि ते ओपन व्हीएसएक्सवर आहे का, एवढे दोनच रकाने भरावेत. आम्ही पाच जणांनी हे प्रथम केले, तेव्हा एकूण यादीतील निम्म्याहून अधिक एक्स्टेंशन्स कोणीही वापरत नव्हते; कधीतरी एखाद्या व्हिडिओत पाहून बसवलेली ती तशीच राहिली होती. ती काढून टाकल्यावर उरलेल्यांत बंदिस्त अशी मोजकीच राहिली, आणि त्या प्रत्येकीसाठी ‘ही उद्या मिळाली नाही तर काय’ याचे उत्तर एका ओळीत लिहून ठेवता आले. आवश्यक तेवढीच नावे प्रकल्पातील शिफारशींच्या फाइलमध्ये ठेवावीत, म्हणजे नव्याने येणाऱ्या सहकाऱ्याला संपादक स्वतःच ती सुचवतो.

याच्याच जोडीने एक शिस्त पाळावी: नियम प्रकल्पात ठेवावेत, संपादकात ठेवू नयेत. समास टॅबचा की स्पेसचा, ओळ कुठे मोडायची, कोणती चूक चूक मानायची, हे सारे एडिटरकॉन्फिग, प्रेटियर आणि ईएसलिंट या मांडणी व चुका पाहणाऱ्या साधनांच्या फाइल्समध्ये लिहून रेपॉझिटरीत ठेवले, तर कोणी कोणत्याही संपादकात काम केले तरी फरक पडत नाही. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडएन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हा संकेत खुला केल्यामुळे हे आणखी सोपे झाले आहे. भाषेची जाण असलेला प्रोग्राम एकीकडे आणि संपादक दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे टाइपस्क्रिप्टच्या चुका व सूचना विम किंवा ईमॅक्स या दुसऱ्या संपादकांतही दिसू शकतात. खुल्या केलेल्या एखाद्या प्रोग्रामपेक्षा असा खुला संकेत मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याचा लाभ कंपनीच्या स्पर्धकांनाही मिळतो आणि तो मागे घेणे कठीण असते.

टाइपस्क्रिप्ट हळूहळू आणावी

टाइपस्क्रिप्टची रचना अँडर्स हायल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली झाली. जावास्क्रिप्टला बाजूला सारायचे नाही, तिच्यावर प्रकारांचा (कोणती किंमत संख्या, कोणती मजकूर, याच्या नोंदींचा) एक थर चढवायचा, हे तिचे मूळ धोरण आहे, आणि तेच आपल्या उपयोगाचे आहे. चालू प्रकल्पात ती आणताना सर्व फाइल्सची नावे एका दिवसात बदलण्याचा मोह टाळावा. हजारो चुका एकदम समोर आल्या की गट घाबरतो आणि जिथे तिथे ‘एनी’ (काहीही चालेल) हा प्रकार लिहून त्या गप्प करतो. मग टाइपस्क्रिप्ट असून नसल्यासारखीच राहते.

सुरुवात जावास्क्रिप्टच्या फाइल्समध्येच करावी. ज्या फाइलमध्ये वरचेवर चुका होतात अशी एकच निवडून, तिच्या पहिल्या ओळीत टिप्पणीच्या स्वरूपात ‘ॲट टीएस-चेक’ ही खूण लिहावी. एवढ्यानेच त्या फाइलची तपासणी सुरू होते. फंक्शनला काय दिले जाते आणि ते काय परत देते, हे त्याच्या वर जेएसडॉक या ठरलेल्या पद्धतीच्या टिप्पण्यांत लिहावे. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर ‘किंमत’ कधी संख्या म्हणून येते आणि फॉर्ममधून आली की अक्षरांची माळ म्हणून येते. त्यात वाहतूक खर्च मिळवला की ४५० आणि ५० यांची बेरीज ५०० न होता ‘४५०५०’ असे काहीतरी तयार होते. किंमत ही संख्याच असली पाहिजे, असे एका टिप्पणीत लिहिले की ही चूक ग्राहकाच्या बिलावर जाण्याआधी संपादकात लाल रेघेखाली दिसते. गटाला हे एकदा प्रत्यक्ष दिसले की पुढचा आग्रह धरावा लागत नाही.

त्यानंतर टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग्जची फाइल तयार करून ‘अलाउ जेएस’ हा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे दोन्ही प्रकारच्या फाइल्स एकत्र नांदतात. नव्या फाइल्स टाइपस्क्रिप्टमध्ये लिहाव्यात. जुन्या फाइलला काही कारणाने हात लावायची वेळ आली, तरच ती बदलावी. ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय नव्या प्रकल्पात आरंभापासून, तर जुन्या प्रकल्पात टप्प्याटप्प्याने चालू करावा. ज्या लायब्ररीसोबत प्रकारांची माहिती येत नाही, तिच्यासाठी ती बहुधा डेफिनिटलीटाइप्ड या सामूहिक प्रकल्पात मिळते. ते काम जगभरच्या स्वयंसेवकांनी उभे केले आहे, आणि टाइपस्क्रिप्ट रुजण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

परतीची वाट येथे सर्वांत सोपी आहे. प्रकार पुसून टाकले की खाली साधी जावास्क्रिप्टच उरते. अपवाद काही मोजक्या गोष्टींचा: ‘इनम’, ‘नेमस्पेस’ यांसारख्या रचना नुसत्या पुसून चालत नाही, त्यांच्या जागी नवा कोड तयार करावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीत ‘इरेझेबल सिंटॅक्स ओन्ली’ असा एक पर्याय आहे. तो चालू ठेवला तर अशा रचना वापरताच चूक दाखवली जाते. नव्या प्रकल्पात तो अवश्य चालू करावा. स्वेल्ट या वेब-साधनाच्या गटाने २०२३ मध्ये आपल्या लायब्ररीचा अंतर्गत कोड टाइपस्क्रिप्टमधून पुन्हा जावास्क्रिप्ट व जेएसडॉककडे नेला आणि तपासणी मात्र टाइपस्क्रिप्टच्याच कंपायलरकडून करून घेणे चालू ठेवले. वाट खरोखर मोकळी असल्याचा हा चांगला दाखला आहे.

सेवांच्या बाबतीत मात्र सावध राहावे

कोडचा परवाना एकदा दिला की त्या आवृत्तीपुरता तो आपल्याकडे राहतो. सेवेचे तसे नसते. मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये सुरू केलेले कोडप्लेक्स हे मुक्तस्रोत प्रकल्पांचे संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद झाले. टाइपस्क्रिप्टचा कोडसुद्धा सुरुवातीला तिथेच होता आणि २०१४ मध्ये गिटहबवर हलवण्यात आला. कंपनीने बंद करताना पुरेशी आगाऊ सूचना दिली होती, ही गोष्ट खरी. पण ज्यांचे लक्ष नव्हते त्यांना सूचनेचा उपयोग होत नाही.

एनपीएमच्या बाबतीत, पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल रेपॉझिटरीत ठेवावी आणि सर्व्हरवर बांधणी करताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ ऐवजी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वापरावी. ती लॉक फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणेच पॅकेजेस आणते आणि मेळ बसला नाही तर काम थांबवते. ग्राहकाचे काम दीर्घकाळ चालणार असेल, तर व्हर्डाचिओसारखे स्वतःच्या ताब्यातील भांडार उभे करून उतरवलेल्या पॅकेजेसची प्रत जवळ ठेवणे फायद्याचे ठरते.

गिटहबच्या बाबतीत, गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनामुळे कोडची संपूर्ण प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असते, या भरवशावर आपण निश्चिंत असतो. परंतु इश्यू (नोंदवलेले दोष व मागण्या), त्यांखालील चर्चा आणि पुल रिक्वेस्टवरील (बदल स्वीकारण्याच्या विनंतीवरील) शेरे गिटमध्ये नसतात. ते सेवेत असतात. अमुक निर्णय का घेतला, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या शेऱ्यांतच असते. म्हणून महत्त्वाच्या निर्णयाची कारणे कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात किंवा रेपॉझिटरीतील एखाद्या टिपणात लिहिण्याची सवय लावावी. चाचण्या व बांधणी गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्या स्वयंचलित सेवेवर चालत असेल, तर तेथील फाइलमध्ये लांबलचक पायऱ्या न लिहिता, रेपॉझिटरीतील एका स्क्रिप्टला हाक मारणारी एकच ओळ ठेवावी. ती स्क्रिप्ट आपल्या संगणकावरही तशीच चालली पाहिजे.

आणि वर्षातून एकदा परतीची तालीम करावी. ‘गिट क्लोन’ला ‘मिरर’ हा पर्याय देऊन रेपॉझिटरीची पूर्ण प्रत काढावी, ती गिटलॅब या गिटहबसारख्या दुसऱ्या सेवेवर किंवा स्वतःच्या सर्व्हरवर फोरजेजो हे तशाच कामाचे साधन बसवून तेथे ढकलावी, एका रिकाम्या संगणकावर व्हीएसकोडियम घेऊन ती उघडावी आणि प्रकल्प बांधून चाचण्या चालवून पाहाव्यात. जे अडेल त्याची नोंद करावी. ही तालीम म्हणजे स्थलांतर नव्हे. तालीम झाल्यावर पुन्हा नेहमीच्या जागी येऊन काम करावे. पण कुठे अडते हे माहीत असलेला गट निर्धास्तपणे काम करतो, हा माझा अनुभव आहे.

निर्णय कोण घेते, हेही पाहावे

ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉट नेट ६ प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर कंपनीने ‘हॉट रिलोड’ ही (प्रोग्राम न थांबवता बदल लागू करण्याची) सोय आज्ञेवर चालणाऱ्या ‘डॉटनेट वॉच’ या मुक्तस्रोत साधनातून काढून ती व्हिज्युअल स्टुडिओपुरती ठेवण्याचा निर्णय घेतला. डेव्हलपरांनी जोरदार विरोध केला, काढलेला कोड परत आणणारी पुल रिक्वेस्टही दाखल झाली, आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. या प्रसंगातून दोन्ही गोष्टी कळतात: रेपॉझिटरीची किल्ली कंपनीकडेच असते, आणि कोड सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळेच असा बदल ध्यानात येतो व त्याबद्दल बोलता येते.

म्हणून एखादे साधन निवडण्यापूर्वी त्याच्या रेपॉझिटरीत तासभर घालवावा. बाहेरच्यांनी पाठवलेल्या पुल रिक्वेस्ट स्वीकारल्या जातात का, नाकारताना कारण दिले जाते का, पुढील महिन्यांचे नियोजन उघडपणे मांडलेले असते का, हे पाहावे. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा गट आपले नियोजन गिटहबवर मांडतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. योगदान देण्यापूर्वी कंपनीचा योगदात्यांसाठीचा करार मान्य करावा लागतो. पुल रिक्वेस्ट केल्यावर आपोआप येणाऱ्या संदेशात त्याची माहिती असते. तो करार वाचावा, आणि आपण नोकरीत असू तर आपल्या कंपनीची लेखी परवानगी घ्यावी.

देवनागरीच्या चाचण्या आणि आपला वाटा

या साधनांकडून मराठीचे काम नीट करून घेण्याची जबाबदारी अखेर आपलीच आहे, कारण मराठीत काय बिघडते हे मराठी लिहिणाऱ्यालाच दिसते. एक उदाहरण सांगतो. एका जुन्या संकेतस्थळाचा मजकूर नव्या रचनेत आणताना मी ‘दुसऱ्या’ हा शब्द सर्व फाइल्समध्ये शोधला आणि अपेक्षेच्या निम्मीच ठिकाणे मिळाली. डोळ्यांना शब्द तोच दिसत होता. कारण शोधताना कळले की ही चंद्रकोरीसारखी ‘र’ची खूण संगणकात दोन प्रकारे लिहिली जाते: काही फाइल्समध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’ असा क्रम होता, तर जुन्या फाइल्समध्ये साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’ असा होता. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) प्रमाणित रूपांतरानेही हे दोन क्रम एक होत नाहीत. त्यामुळे एकाचा शोध घेतला की दुसरा सापडत नाही, आणि वाचकाने संकेतस्थळावर शोधले तरी तेच घडते.

अशा अदृश्य अक्षरांचा माग काढण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधील एक सोय कामी येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अदृश्य चिन्हांच्या आधारे कोडमध्ये फसवणूक कशी करता येते हे दाखवल्यानंतर, संपादकात अदृश्य व फसव्या अक्षरांभोवती चौकट काढण्याची सोय आली. सेटिंग्जमध्ये ‘युनिकोड हायलाइट’ असे शोधल्यास तिचे पर्याय दिसतात. मराठी मजकुरात हे जोडचिन्ह वैध असल्यामुळे चौकटी त्रासदायक वाटू शकतात. पण सोय सरसकट बंद न करता ती आधी सफाईसाठी वापरावी आणि नंतर फक्त त्या चिन्हाला परवानगी असलेल्यांच्या यादीत घालावे.

लांबी मोजतानाही असेच सावध राहावे. ‘नमस्कार’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा वाटतो, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ सांगते, कारण हलन्त आणि काना तिच्या लेखी वेगळे घटक आहेत. नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा घातली, तर मोठे आडनाव असलेल्या माणसाचा अर्ज अडतो. ‘इंटल सेगमेंटर’ ही जावास्क्रिप्टमधील सोय अक्षरसमूह मोजते. मात्र देवनागरीतील जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे ब्राउझर जुना की नवा यावर उत्तर बदलू शकते. येथे प्लेराइट उपयोगी पडते, कारण एकच चाचणी ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांत चालवते. ‘दुसऱ्या’ची दोन्ही रूपे, ‘क्षि’, ‘र्‍हास’, ‘ॲ’ असे नमुने एका फाइलमध्ये ठेवून फॉर्म, शोध आणि क्रमवारी यांच्या चाचण्या त्यांवर लिहाव्यात.

त्यातून साधनातील दोष आढळला, तर तो संबंधित रेपॉझिटरीत इश्यू म्हणून नोंदवावा. आधी जुन्या इश्यूंमध्ये तोच दोष शोधावा, कारण हिंदी, नेपाळी किंवा फारसी लिहिणाऱ्या कोणाला तो पूर्वीच आढळलेला असू शकतो. तसे असेल तर तिथेच आपले उदाहरण जोडावे. नवा इश्यू लिहिताना इंग्रजीत, पण शब्दाची युनिकोड क्रमांकांसह फोड करून लिहावे, कारण वाचणाऱ्याला देवनागरी येत नसते आणि दोन्ही शब्द त्याला एकसारखेच दिसतात. काय दिसले, काय दिसायला हवे होते, कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि कोणता फाँट हे द्यावे, आणि दोष दाखवणारी दहा-बारा ओळींची एकच फाइल सोबत जोडावी.